उडालेला लाल

"माझ्या फोटोतला लाल उडालाय, आणि गावभर झालंय की मी फसवलं," दारात उभ्या राहिलेल्या बाई म्हणाल्या. "आत येऊन सांगू की इथूनच ओरडू?"

काकूंना अशी माणसं आवडत. रडत आलेल्या अशिलाला त्या आधी पाणी देत आणि मग गप्प करत. भांडत आलेल्याला थेट खुर्ची मिळे.

"बसा. जावईबापू, पंखा."

जावईबापूंनी पंखा लावला. काकूंच्या खाजगी तपासाच्या कचेरीत ते मदतनीस होते. लेकीने हा मुलगा पसंत केला तेव्हा काकूंनी त्याची आतून बाहेरून चौकशी केली होती. एकही खोट सापडली नाही. तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर राग होता.

"मला शाईताई म्हणतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या नखांत निळं साचलेलं होतं, धुऊन जाण्यापलीकडचं. "फोटो छापायची शाई करते. पिगमेंटची. घरी वाटून."

"म्हणजे नेमकं काय?" जावईबापूंनी विचारलं.

"साखर पाण्यात टाकली की विरघळते ना, तशी असते डायची शाई. स्वस्त, झळझळीत, आणि उन्हात बसवली की बघता बघता फिकी. माझी शाई म्हणजे बारीक पूड. विरघळत नाही. कागदावर कण बसतो तो बसतो. उजेड त्याला खाऊन खाऊन दमतो."

"उजेड दमतो!" जावईबापू खूश झाले.

"तुम्ही नका दमू, ऐका," काकू म्हणाल्या.

प्रकरण असं होतं. संग्रहालयाच्या मुख्य दालनात शाईताईंच्या शाईचा एक मोठा फोटो लावला होता. रंगाऱ्यांचं अंगण, दोरीवर वाळणारी कापडं, आणि मधोमध एक लाल कापड असं की समोरून जाणारा माणूस थबकायचा. संग्रहालयातले जुने फोटो झिजत चालले होते. ते सगळे शाईताईंच्या शाईत नव्याने छापायचं घाटत होतं. आणि आता तो लाल शिळ्या चहासारखा झाला होता.

"उद्या समिती बसणार आहे," शाईताई म्हणाल्या. "संग्रहालयासाठी शाया तपासणाऱ्या तपासनिसाने सगळ्यांसमोर फोटोवर पाण्याचा थेंब टाकला, चौकटीला काच नाहीच. रंग ओघळला. म्हणजे डायची शाई. मी पिगमेंट सांगून डाय खपवली म्हणे. उद्या तसं नोंदलं गेलं की माझ्या शाईला कोण हात लावणार? मग मी खलबत्ता उचलून ठेवायचा."

"आणि तुमचं म्हणणं?"

"तो कागद माझ्या छापखान्यातून गेलेला नाही. मी माझा लाल ओळखते, मेलेला असला तरी."

"घरात कोणी विरोधात आहे?"

"दीर. छपाई तोच बघतो. तयार शाई आणू म्हणून डोकं खातो माझं. पण तो असं करणार नाही."

"ते मी ठरवते," काकू उठल्या. "चपला घाला, जावईबापू. डावी डाव्या पायात."

*

संग्रहालयाच्या बाई उंच, शिस्तीच्या, आणि त्या दिवशी फार कानकोंड्या झालेल्या. त्यांनी बोळातून दालनाकडे नेलं. बोळातही फोटो होते. काकू एका समुद्राच्या फोटोपाशी थांबल्या. आभाळ दुधात पाणी घातल्यासारखं दिसत होतं.

"हेही शाईताईंचे?"

"छे, हे आधीचे. कारखान्याच्या शाईतले. तपासनिसांनी हमी दिली होती, माझ्या नातवंडांपर्यंत टिकतील म्हणून."

"नातवंडं केवढी आहेत?"

"अजून लेकीचं लग्न व्हायचंय."

काकूंनी आभाळाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि पुढे झाल्या.

दालनाला जाड पडदे होते. रंगाऱ्यांचं अंगण खिडकीपासून लांबच्या भिंतीवर होतं. सगळे फोटोकडे बघू लागले. काकूंनी चौकट उचलून बाजूला केली आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीचा फिकट हिरवा रंग चौकटीमागे होता तसाच बाहेरही होता. डाग नाही, फरक नाही.

"भिंत कधी रंगवली?"

"फोटो लावायच्या कितीतरी आधी," बाई म्हणाल्या.

"फोटो फिका पडल्याचं कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच. मध्ये फरशी बदलायला दालन बंद होतं. चौकट मागच्या खोलीत कापडाखाली ठेवली होती. परत लावली तेव्हा मला धस्स झालं. तपासनीस म्हणाले, उतरत होताच बाई, रोज बघताना कळत नाही."

"त्या दिवसांत मागच्या खोलीत कोण कोण आलं?"

"चौकटवाले मिस्त्री, मागची तार घट्ट करायला. शाईताईंचे दीर, नावांच्या पाट्या घेऊन. आणि तपासनीस. ते अधूनमधून फोटोचा रंग मोजायला येतातच."

"आणि या फोटोची संगणकावरची प्रत?"

"तिघांकडेही आहे. एकाला छापायला, एकाला माप घ्यायला, एकाला चाचणीला."

जावईबापूंनी तीन बोटं वर केली आणि कोणतं आधी मिटावं ते न कळून तशीच ठेवली.

चौकटवाला मिस्त्री बोलावणं धाडल्यावर आला तो फणफणतच. चौकट पालथी घालून त्याने मागची कागदी चिकटपट्टी बघितली आणि त्याचं तोंड कडू झालं.

"ही माझी पट्टी नाही."

"कशावरून?"

"मी हाताने फाडतो. फाटलेली कड बसते, पात्याने कापलेली उचलते. ही बघा, चारी टोकं पात्याने कापलेली. कोणा शिकाऊ माणसाचं काम आहे."

"तुम्ही तार घट्ट केली तेव्हा उघडली नाहीत?"

"तार बाहेरून असते, काकू. घड्याळाला चावी द्यायला कोणी भिंत पाडतं का?"

"हा घाबरलाय," जावईबापू कानाशी कुजबुजले.

"घाबरला नाही, चिडलाय. तुम्हाला दोन्हींतला फरक अजून कळत नाही, माझ्या लेकीचं कसं होणार?" काकू मिस्त्रीकडे वळल्या. "एक विचारते. एखादा फोटो मुद्दाम फिका करायचा असेल तर तुम्ही काय कराल?"

मिस्त्रीने जीभ चावली. "करणारच नाही. पण केलाच तर चौकटीत बसवून उन्हात ठेवीन. उघडा फोटो उन्हात टाकायला हात धजणार नाही माझा."

पट्टी काढली, फोटो चौकटीतून बाहेर घेतला. मग फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची कड, जिला चौकटवाले माउंट म्हणतात, ती अलगद उचलली. त्या पुठ्ठ्याखाली चारही बाजूंना तीन-तीन बोटं फोटो दडलेला होता. वरची कड, डावी कड, उजवी कड, तिन्हीकडे रंग उडालेला, अगदी कागद संपेपर्यंत. खालच्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीची पट्टी ताजी टवटवीत होती, आणि तिची वरची रेघ आखल्यासारखी सरळ.

"अरे वा!" जावईबापू म्हणाले. "असा होता होय मूळ रंग!"

"म्हणजे उजेडानेच उडालाय," संग्रहालयाच्या बाई हळहळल्या.

"उजेडानेच," काकू म्हणाल्या. त्यांनी बोट ओलं करून ताज्या पट्टीच्या टोकाला टेकवलं. रंग बोटाबरोबर पसरला.

शाईताई आपल्या निळ्या नखांकडे बघत राहिल्या. जावईबापूंनी मनात त्यांना दोषी ठरवून टाकलं, आणि मग वाईट वाटून परत सोडून दिलं.

*

छापखाना म्हणजे शाईताईंच्या घरातली मागची खोली. एका बाजूला वाटणाची काचेची फरशी, दुसऱ्या बाजूला छपाईचं यंत्र, आणि यंत्रापाशी दीर, बनियनवर.

"वहिनी, तू यांना आणलंस? माझ्यावर संशय?"

"माझा नाही रे. यांचा धंदाच तो."

"भांडता म्हणे तुम्ही," काकूंनी सरळ विचारलं.

"भांडतो तर! आमच्या घरी एका लालासाठी जेवणं खोळंबतात. वाटते, बघते, नाक मुरडते, परत वाटते. तयार शाई आणली तर माणसासारखं जगता येईल." त्याने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. आवाज उतरला. "पण तो लाल कागदावर उतरताना तुम्ही बघितलेला नाही. मी बघितलाय. त्या दिवशी मी यंत्र बंद केलं आणि उगाच बसून राहिलो. वहिनीला नाही सांगितलं. चढून बसेल."

"आत्ता सांगितलंस की," शाईताई म्हणाल्या.

"ऐकलं नाहीस असं समज."

काकूंनी तोच प्रश्न टाकला. "फोटो फिका करायचा तर काय कराल?"

"मी? गच्चीवर टाकीन. चार कोपऱ्यांना चार दगड. त्यात काय करायचंय?"

बाहेर पडल्यावर जावईबापू म्हणाले, "आई, दीरच. संधी होती, कारण होतं, प्रत होती."

"लाल उतरताना यंत्र बंद करून बसणारा माणूस त्याच लालाला बाटवेल?"

"मग कोण?"

"चला, तपासनिसाचे दिवे बघू."

*

तपासनिसाची प्रयोगशाळा नीटनेटकी होती, इतकी की जावईबापूंनी दारातच पाय पुसले, आणि पुसलेलेच परत पुसले. तपासनीस सडपातळ, हळू बोलणारा. काचेच्या एका कपाटात प्रखर दिवे लावलेले, आणि त्यांच्यापुढे रंगीत चौकोनांच्या कागदी पट्ट्या ओळीने टांगलेल्या.

"खिडकीतल्या उजेडाला जे करायला वर्षं लागतात, ते हे दिवे भराभर करतात," तो म्हणाला. "शाई किती तग धरेल ते इथे कळतं."

"ही पहिली तर पार गेली," जावईबापूंनी दाखवलं.

"ती डायची. मुद्दाम ठेवतो. ती मेली की समजायचं दिवे नीट चाललेत. तेवढ्यासाठी डायची शाई इथे कायम असते."

"मला समजेल असं दाखवा ना, साहेब," काकू म्हणाल्या. आवाजात एवढी साखर जावईबापूंनी लग्नातही ऐकली नव्हती. त्यांनी पर्समधून आपलं रंगीत ओळखपत्र काढून दिलं. "हे ठेवलं तर?"

तपासनिसाने ते घेतलं. बोलता बोलताच टेबलावरची पुठ्ठ्याची पट्टी उचलली, ओळखपत्राच्या खालच्या कडेवर बसवली, चिमटा लावला, आणि मग ते दिव्यांपुढे टांगलं.

"हे खाली झाकलं कशाला?" जावईबापू.

"झाकलेलं काही नको का? नाहीतर उडालेला रंग ताडून बघायचा कशाशी? हा आमचा पहिला धडा. आता हात आपसूक जातो. परवा घरी पडदे धुवून वाळत घातले तर बायको म्हणाली, खालची कड कशाला दुमडलीत?"

सगळे हसले. काकूही हसल्या, मनापासून.

"शाईताईंची शाई कशी वाटली तुम्हाला?"

तपासनीस दिव्यांकडे बघत राहिला. "फार चांगली होती," तो म्हणाला. "म्हणजे, वाटत होती. त्यांनी असं करायला नको होतं."

*

दुसऱ्या दिवशी समिती बसायच्या आधी काकूंनी सगळ्यांना दालनात बोलावलं. टेबलावर फोटो, माउंट काढून ठेवलेला. शाईताई खुर्ची असूनही उभ्या होत्या.

"मी फार शिकलेली नाही," काकू म्हणाल्या, "पण उजेड पुठ्ठ्यातून जात नाही एवढं मला कळतं. हा फोटो या भिंतीवर, या चौकटीत फिका पडला असता तर पुठ्ठ्याखालच्या चारही कडा ताज्या राहिल्या असत्या. तीन उडाल्यात. म्हणजे पुठ्ठा बसायच्या आधीच हा उडालेला होता. आणि मागची भिंत बघा. चौकटीखाली आणि बाहेर एकच रंग. या दालनात एवढा उजेड कधी आलाच नाही."

"पण लावला तेव्हा तर झळझळीत होता!" संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितलाय."

"म्हणून तर. झळझळीत होता तो शाईताईंचा. हा दुसरा आहे. दुसरीकडे छापला, दुसरीकडे फिका केला, आणि दालन बंद असताना चौकटीत घातला. चिकटपट्टी पात्याने कापणाऱ्या कोणीतरी."

जावईबापूंनी मान डोलावली. आपल्याला हे कालच कळलं होतं असं दाखवायचा त्यांचा विचार होता, पण काकूंची नजर पडली.

"आता कोणी? मी दोघांना एकच प्रश्न विचारला. मिस्त्री म्हणाले, चौकटीत घालून उन्हात ठेवीन. त्यांनी केलं असतं तर चारही कडा ताज्या असत्या. दीरभाऊ म्हणाले, गच्चीवर टाकीन. त्यांनी केलं असतं तर दगडांखालचे चार कोपरे ताजे असते, कड एकही नाही. संग्रहालयाच्या बाईंकडे ना डायची शाई, ना कपाट दिव्यांचं. उरतं कोण? ज्याने एकच कड झाकली. फक्त खालची. सरळ रेघेत."

तपासनिसाचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"लबाडी करायला बसलेल्या माणसाला एकही कड झाकायची गरज नव्हती," काकू म्हणाल्या. "उलट झाकून पकडला गेला. पण साहेब, तुम्ही आयुष्यभर खरी चाचणी करत आलात. खोटी करतानाही हाताने खरीच केली."

"मला कळलंच नाही झाकलं कधी," तपासनीस म्हणाला. "चिमटा काढला तेव्हा दिसली ती कड. म्हटलं, माउंटखाली जाईल. जाऊ दे."

"का पण?" संग्रहालयाच्या बाईंचा आवाज चिरला. "तुमच्या शब्दावर आम्ही भिंती भरल्या!"

"म्हणूनच," उत्तर काकूंनी दिलं. "बोळातलं आभाळ बघितलंत? कारखान्याच्या शाईची हमी यांनी दिली. चाचणी केली होती का, साहेब?"

"अर्धी," तो म्हणाला. "घाई होती. कारखान्याने सांगितलं ते मी पुढे लिहून दिलं. मग शाईताईंच्या पट्ट्या आल्या. दिव्यांपुढे लावल्या, आणि त्या हलेचनात. दोन्ही शाया शेजारी लागल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं असतं, आधीची कशी पास झाली?"

"माझा फोटो कुठाय?" शाईताईंनी एवढंच विचारलं.

"माझ्याकडे. खणात, मऊ कागदात. फाडायचा ठरवला होता." त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "तो लाल फाडण्यासारखा नाही हो."

दीर मुठी आवळून पुढे झाला. शाईताईंनी आडवा हात घातला. "थांब. पट्ट्या कुठायत माझ्या?"

"दिव्यांपुढेच. काढवल्या नाहीत."

"मग चला."

समितीची माणसं आली होती, तीही मागोमाग निघाली. प्रयोगशाळेत तपासनिसाने कपाटाच्या टोकाची पट्टी काढून टेबलावर ठेवली. चिमटा सोडला, पुठ्ठा उचलला. डायची पट्टी शेजारी पांढरीफटक पडली होती. शाईताईंच्या पट्टीवर झाकलेलं कुठे संपतं आणि उघडं कुठे सुरू होतं ते सांगता येईना. समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जावईबापू तर नाक टेकेल इतके वाकले.

"रेघच नाही!" ते म्हणाले.

"आहे," शाईताई म्हणाल्या.

त्या पट्टी घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि ती तिरकी धरली. निळं नख पिवळ्या चौकोनाखाली टेकलं. "इथे. पिवळा उतरलाय. थोडा, पण उतरलाय."

"वहिनी, गप्प बस ना," दीर हळूच म्हणाला. "कोणाला दिसत नाहीये."

"मला दिसतंय ना?"

तपासनिसाने मान खाली घातली. "मलाही दिसला होता," तो म्हणाला. "यंत्रालाही दिसतो. बाकी सगळे पक्के आहेत. फक्त पिवळा."

आता दोघंच त्या पट्टीवर वाकली होती. ज्याने तिला बुडवायला बघितलं तो आणि ती. तो बोट न लावता दाखवत होता, ती मान हलवत होती. बाकीचे बघत राहिले. थोड्या वेळाने शाईताई ताठ झाल्या आणि संग्रहालयाच्या बाईंकडे वळल्या.

"काम द्यायचं असेल तर हे ऐकून द्या. माझा लाल दिव्यांना दमवतो, निळा दमवतो. पिवळा अजून नाही. तुमच्या जुन्या फोटोंत ऊन आहे, शेतं आहेत, पिकली पानं आहेत. ती मी आज छापली तर पुढे कोणाला तरी उतरलेली दिसतील. यांच्या हातून हमी गेली ती गेली, त्यांचं काय ते तुम्ही बघा. पण दिवे बंद करू नका. मला नवा पिवळा आणून लावायचाय."

"किती दिवस लागतील?" अध्यक्षांनी विचारलं.

"लागतील तेवढे. सांगता येत नाही."

संग्रहालयाच्या बाईंनी समितीकडे बघितलंही नाही. "थांबतो आम्ही," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर काकू बराच वेळ गप्प चालत होत्या. जावईबापूंना काळजी वाटली. सासूबाई एवढ्या वेळ गप्प फक्त झोपेत असत.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"जावईबापू," काकू म्हणाल्या, "त्या शाईताईला नावं ठेवायला मी मघापासून काहीतरी शोधतेय."

"मग?"

"मिळत नाहीये."